ख्रिस्ती शाळा आणि वऱ्हाडची मुले

वऱ्हाडात 'कॉन्व्हेंट' हा शब्द आता मराठीच झाला आहे. अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या टिळक मार्गापर्यंत कोणत्याही वस्तीत जा. दोन खोल्यांची का होईना, पण इंग्रजी मुळाक्षरे शिकविणारी शाळा निघाली, की तिच्या पाटीवर हा शब्द चढतो. आधी एखाद्या देवीचे किंवा संताचे नाव आणि त्याच्या मागे कॉन्व्हेंट! या शब्दाचा मूळ अर्थ व्रतस्थ ख्रिस्ती भगिनींचा मठ असा आहे, हे पाटी रंगविणाऱ्यास ठाऊक नसते, आणि फी भरणाऱ्यासही ते जाणून घेण्याची जरुरी वाटत नाही. शब्द असा अर्थावाचून फिरू लागला म्हणजे समजावे, की आम्ही फळाची साल तेवढी घेतली आणि गर टाकून दिला.

तो गर कोणता, हा आजच्या लेखाचा विषय आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे खऱ्या अर्थाने ख्रिस्ती म्हणाव्या अशा शाळांत जातात. अमरावतीचे होली क्रॉस, अकोल्याचे माउंट कार्मेल ही नावे येथे कोणास सांगावयास नकोत. प्रवेशाच्या वेळी पालक तीन प्रश्न विचारतात. मुलाचे इंग्रजी सुधारेल काय? शिस्त कडक आहे काय? आणि दहावीचा निकाल शेकडा किती लागतो? चौथा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो असा, की या शाळेस ख्रिस्ती का म्हणावयाचे, आणि तिच्या ख्रिस्तीपणाचा आमच्या मुलाच्या रोजच्या जीवनावर परिणाम काय होणार? कापसाचा पुंजका हाती घेऊन धागा ओढून पाहिल्याशिवाय भाव न बोलणारा आमचा व्यापारी पोटच्या पोराच्या या सौद्यात मात्र डोळे मिटून सही करतो, याचे आम्हांस नवल वाटते.

प्रथम अशा शाळेच्या दिवसाचा क्रम पाहू. सकाळच्या मेळाव्यात राष्ट्रगीत व प्रतिज्ञा यांच्या जोडीस प्रार्थना होते. ती बहुधा अशा शब्दांत असते, की कोणत्याही धर्माच्या मुलास ती म्हणता यावी. भिंतीवर क्रूस असतो. सामान्यतः ख्रिस्ती मुलांस त्यांच्या धर्माचे पाठ निराळे दिले जातात आणि इतर मुलांस त्या वेळी नीतिपाठ शिकवितात. त्यांस अलीकडे मूल्यशिक्षण असे नाव पडले आहे. ज्या संताच्या नावाने शाळा चालते त्याचा सण पाळला जातो, नाताळात गोठ्याचा देखावा उभा राहतो, आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पुष्कळ शाळांतून गरिबांसाठी धान्य, कपडे किंवा पैसे जमविण्यात येतात.

परंतु एवढ्यानेच शाळा ख्रिस्ती होत असेल, तर ती गोष्ट फार स्वस्त झाली म्हणावयाची. क्रूस भिंतीवर टांगण्यास एक खिळा पुरतो. त्याचा ठसा शाळेच्या वागणुकीवर उमटला आहे किंवा नाही, हे पाहण्याच्या जागा निराळ्या आहेत. आमच्या मते त्या तीन आहेत: शिकविणाऱ्याचे व्रत, बाकावरची समता, आणि चुकलेल्या किंवा मागे पडलेल्या मुलास मिळणारी वागणूक.

व्रताची गोष्ट आधी घेऊ. कॅथलिक संघात प्रवेश करणारी भगिनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेते. तिच्या कामाबद्दल जो पगार मिळतो तो तिच्या खाजगी पेटीत पडत नाही. तो संघाच्या सामायिक खात्यात जातो, आणि तिच्या अन्नवस्त्राची व म्हातारपणाची काळजी संघ वाहतो. ज्यास रोज जमाखर्च पाहावा लागतो त्याच्या हे सहज ध्यानात येईल, की असा शिक्षक मिळणे ही संस्थेस केवढी पुंजी आहे! शाळा सुटल्यावर शिकवणीच्या वर्गाकडे धावण्याचे त्यास कारण नाही. मूल गणितात कच्चे राहिले तर त्यात त्याचा कवडीचा लाभ नाही. मात्र आज अशा शाळांतील बहुतेक शिक्षक गृहस्थाश्रमी असतात आणि पुष्कळदा ते हिंदू, बौद्ध वा मुसलमानही असतात. त्यांच्यावर तीन व्रतांचे ओझे कोणी टाकू शकत नाही. तेव्हा ते व्रत शाळेत टिकावयाचे ते केवळ उदाहरणाने. आणि उदाहरण घालून देणारी माणसे कमी झाली, म्हणजे पाटी राहते आणि मठ निघून जातो.

दुसरी जागा बाकाची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण शेकडा एकाहूनही किंचित कमी भरले, आणि वऱ्हाडात ते त्याहूनही अल्प आहे. अर्थात येथील ख्रिस्ती शाळा ही ख्रिस्ती मुलांनी भरलेली शाळा नव्हेच. अडत्याचा मुलगा, पोलीस शिपायाची मुलगी, मोमिनाचे पोर आणि बौद्ध शिक्षकाचे पोर एका बाकावर बसतात आणि एकमेकांच्या डब्यातले खातात. ज्या गावात १९२७ च्या सुमारास अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांस प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह करावा लागला, त्या गावात या एका बाकाचे मोल काय आहे हे जुन्या माणसांस सांगावे लागत नाही. प्रत्येक मूल ईश्वराच्या प्रतिमेप्रमाणे घडविले आहे, हे ख्रिस्ती शिकवणुकीचे पहिले सूत्र होय. बाकावर ते पाळले जाते तेवढ्यापुरती ती शाळा ख्रिस्ती. जेथे पाळले जात नाही, तेथे क्रूस नुसता शोभेचा.

तिसरी जागा सर्वांत अवघड. शुभवर्तमानात हरवलेल्या मेंढराचा दृष्टांत आहे. शंभर मेंढरांपैकी एक हरवले, तर मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या शोधास जातो. हा हिशेब व्यापाऱ्याचा नव्हे. शेकडा एक तूट आम्ही घसाऱ्यात धरतो आणि पुढे चालतो. नव्या काळातील शाळाही याच हिशेबाने चालू लागल्या आहेत. कच्च्या मुलास नववीतच दाखला देऊन वाटेस लावावे, म्हणजे दहावीच्या निकालाचा आकडा शंभरावर राहतो आणि वर्तमानपत्रात छायाचित्रे छापून येतात, असा प्रघात अनेक इंग्रजी व मराठी शाळांत पडला आहे. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या शाळेस हा मार्ग मोकळा नाही. इतर शाळेने असे केले तर ती निर्दय ठरेल. हिने केले तर ती आपल्या धर्मग्रंथाच्या विरुद्ध गेली असे होईल. ज्या शाळेचा निकाल शेकडा शंभर लागतो, तिचे शंभरावे मेंढरू कोठे गेले, हे पालकांनी अवश्य विचारावे.

आता थोडे इतिहासाकडे वळले पाहिजे; कारण या शाळा श्रीमंतांच्या मुलांसाठी निघाल्या असा जो समज आज रूढ आहे, तो वऱ्हाडच्या ख्रिस्ती कार्याच्या इतिहासास धरून नाही. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. पुढे रेल्वे आली, कापसाच्या पेठा वाढल्या, आणि त्याच वाटेने मिशनरीही आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अलायन्स मिशनने अकोला हे आपले एक मुख्य ठाणे केले. तेथे काम करणाऱ्या जेनी फुलर बाईंचे, हिंदुस्थानातील स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायांविषयीचे इंग्रजी पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यास प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. पुस्तकाची दृष्टी मिशनरी आहे, आणि आमच्या समाजाचे चित्र रेखाटताना त्यात काळा रंग सढळ हाताने वापरला आहे, हे खरे. तथापि बालविवाह, केशवपन, विधवांची दैना या ज्या गोष्टी त्या बाईंनी मांडल्या, त्याच आगरकरांनी आपल्या लेखणीने मराठीत मांडल्या होत्या. तेव्हा त्या परकीयेने सांगितल्या म्हणून खोट्या ठरत नाहीत.

त्याच सुमारास १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पडले. दुसरा विक्रम संवत १९५६ चा. मारवाडी व गुजराती पेढ्यांत तो 'छप्पनिया' या नावाने पुढे कित्येक वर्षे बोलला जात असे. आईबाप मेलेली मुले रस्त्याच्या कडेस सापडू लागली तेव्हा मिशनने अकोला व खामगाव येथे अनाथालये चालविली, आणि तेथे अक्षरओळखीबरोबर हातास कामही शिकविले. कॅथलिकांचे कार्य नागपूरच्या बाजूने वऱ्हाडात पसरले, आणि १९५५ साली अमरावती हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सांगण्याचा मुद्दा हा, की वऱ्हाडात ख्रिस्ती शिक्षणाच्या पायात जे दगड पडले त्यांत दुष्काळातील पोरक्या मुलांचा दगड आहे. आज त्याच परंपरेतील शाळांच्या दारात मोटारी उभ्या राहतात. मोटारीत बसणाऱ्या मुलाचा त्यात काही दोष नाही. परंतु त्या पोरक्या मुलाचा वारस आज कोठे शिकतो, हा प्रश्न मात्र उरतोच.

येथे कोणी म्हणेल, की तुम्ही या शाळांचे गुण गाता, पण त्या धर्मांतराचे साधन होत्या हे विसरता. आम्ही ते विसरलेलो नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, आणि त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊही मिशनऱ्यांकडे गेला. प्रकरण न्यायालयात जाऊन मुलगा बापाच्या हवाली झाला. मग त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठे रण माजले, आणि बाळशास्त्री जांभेकरांस त्या पोराच्या बाजूने आपल्याच लोकांशी झुंजावे लागले. पुढे १८९३ मध्ये पुण्याच्या शारदासदनावर तोच आक्षेप आला आणि रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. तेव्हा पालकांची शंका हवेतून आलेली नाही.

पण इतिहासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जोतीराव फुले यांचे शिक्षण मध्येच थांबले होते. शेजारचे गफ्फार बेग मुनशी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली, आणि १८४१ पासून १८४७ पर्यंत ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पुढे अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, अमेरिकन मिशनची मुलींची शाळा पाहून आल्यावर १८४८ साली त्यांनी पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. ज्याच्या अंगी स्वतःचा विचार असतो तो परक्या दिव्यावर आपली वात पेटवून घेतो आणि आपल्या घरी उजेड करतो. भीती असते ती ज्याच्या घरी वातच नाही त्याला.

शिवाय आता हा प्रश्न केवळ शंका-कुशंकांचा राहिलेला नाही. राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. त्याचबरोबर २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात असे म्हटले आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कोणत्याही शाळेत विद्यार्थ्यावर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागेल. म्हणजे घटनेने एका हाताने शाळेस तिचे शील राखण्याची मुभा दिली आणि दुसऱ्या हाताने मुलाच्या श्रद्धेस कुंपण घातले. हा न्याय आम्हांस सर्वस्वी रास्त वाटतो. ज्या पालकास प्रार्थनेची अडचण वाटत असेल त्याने मुख्याध्यापिकेस तसे लिहून द्यावे. ते न करता प्रवेशासाठी दोन वर्षे खेटे घालावयाचे, आणि मूल आत गेल्यावर कट्ट्यावर बसून त्याच शाळेविषयी कुजबूज करावयाची, हे सभ्य गृहस्थास शोभत नाही.

सेवा हीच उपासना, हा विचार वऱ्हाडास परका आहे असेही कोणी समजू नये. गाडगे महाराजांनी हाती खराटा धरला, गावे झाडली, धर्मशाळा बांधल्या, आणि देव दीनदुबळ्यांत आहे हे आयुष्यभर सांगितले. मोझरीस तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेत सर्व जातिधर्मांची माणसे एका सतरंजीवर बसविली. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने कुणब्याच्या मुलास शाळेची वाट मोकळी केली. गर आमच्याही झाडास होता. मग आमच्या संस्थांत तो किती उरला? ज्या शाळांच्या भिंतींवर या थोर पुरुषांच्या तसबिरी आहेत, त्यांतील शिक्षकाची नेमणूक कोणत्या हिशेबाने होते, हे आमच्या वाचकांस आम्ही सांगावयास पाहिजे असे नाही. ख्रिस्ती शाळेकडे जी रांग लागते ती पुष्कळ अंशी आमच्या संस्थांविषयी समाजाने मूकपणे दिलेला निकाल आहे.

असो. आता या शाळांच्या चालकांस दोन शब्द स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला शब्द गरिबाच्या मुलाविषयी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत शेकडा पंचवीस जागा दुर्बळ घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांस त्या कायद्यातून मोकळे केले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून तो मोठ्या पीठापुढे जावा असे सुचविले. कायद्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. परंतु १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी जी घोषणा केली, तीत गरीब, कुटुंबाच्या आधारास मुकलेले आणि ख्रिस्ती श्रद्धेबाहेरचे अशा मुलांची विशेष काळजी वाहावी असे सांगितले आहे. ज्यांस त्यांच्या धर्मपीठाने हे सांगितले, त्यांस पंचवीस जागांसाठी न्यायालयाच्या हुकुमाची वाट पाहावी लागू नये. अनेक शाळा गाजावाजा न करता गरजू मुलांची फी माफ करतात, हे आम्ही जाणतो. ते काम वाढावे आणि त्याचे प्रमाण दरवर्षी प्रसिद्ध व्हावे, म्हणजे संशयास जागा राहणार नाही.

दुसरा शब्द मराठीविषयी. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १६१६ मध्ये गोमंतकात मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. तो अजून अभ्यासकांच्या हाताखाली असतो. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. बाबा पदमनजी, नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई टिळक यांच्यावाचून मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिता येणार नाही. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ही कालपरवाची गोष्ट. ज्या धर्मपरंपरेने मराठीवर इतके प्रेम केले, तिच्या नावावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत मराठी शब्द उच्चारल्याबद्दल मुलास दंड होणे ही लाजेची गोष्ट आहे. २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली खरी. पण सक्तीने तास मिळतो, गोडी मिळत नाही. वऱ्हाडी बोलणारी आजी आणि इंग्रजी बोलणारा नातू यांच्यामध्ये दुभाषा लागू नये, एवढे तरी या शाळांनी पाहावे.

शेवटी आमच्या व्यापारी वाचकांस विनंती. आपण या शाळांस फी देता, कधी इमारतीस देणगीही देता. पुढच्या वेळी देणगीची पावती घेताना एक गोष्ट करावी: शाळेच्या नावे एक ठेव ठेवून तिच्या व्याजातून दरसाल हमालाच्या किंवा मोलकरणीच्या एका मुलाची फी दहावीपर्यंत भरली जावी, आणि ते मूल कच्चे निघाले तरी त्यास मध्येच काढू नये, अशी अट घालावी. ही अट जी शाळा आनंदाने मान्य करील, ती खरी ख्रिस्ती, मग तिचा निकाल शेकडा नव्वद लागो की पंच्याण्णव. आणि हीच अट आमच्या हिंदू, जैन, मुसलमान वा बौद्ध चालकांच्या शाळांनीही मान्य केली, तर कॉन्व्हेंटची पाटी लावण्याची त्यांस गरज पडणार नाही.